मुळकांनी उठायची वेळ

"कुंदा, तू उठायचंच. तूच बसून राहिलीस तर सगळा आकृतिबंध मोडेल."

परुळेकर मॅडम आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बशीतून चहा पीत होत्या. मी खलबत्त्यात सुंठ कुटत होते. दुपारी कीर्तन, त्यानंतर सुंठवडा वाटायचा, आणि यंदा तो आमच्या घरून जायचा होता.

"पण मॅडम, ज्या कथेवर प्रबंध लिहायचा, त्या कथेचा मधला भागच मी ऐकलेला नाही," मी म्हटलं. "लिहू काय?"

"शब्दांत अडकू नकोस. आदिबंध शब्दांत नसतो, रचनेत असतो. विहीर म्हणजे सामूहिक नेणीव. गिरमाई म्हणजे माता. भागू ही तिची छाया. गाव दरवर्षी आपली छाया बाहेर घालवतं आणि परत आत बोलावून घेतं. आणि ती छाया म्हणजे तू! अगं, असा जिवंत पुरावा आम्हाला परदेशातल्या पुस्तकांतसुद्धा मिळत नाही."

"छायेला कान असतात, मॅडम," मी म्हटलं आणि बत्ता जरा जोरातच आपटला.

मॅडम हसल्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, हे आजही नाकारणार नाही. हिवरखोऱ्यासारख्या आडगावात शाळेत शिकवणारी एक बाई एम. फिल. करते म्हणून त्या दोन एस.ट्या बदलून आल्या होत्या. पण मी काय म्हणते ते त्यांना ऐकूच जात नव्हतं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आमच्या गावाला गिरमाईची कथा लहान पोरांनासुद्धा तोंडपाठ होती. म्हणजे, सांगण्याजोगी होती तेवढी. मोठ्या दुष्काळात गावच्या सगळ्या विहिरी आटल्या, एक गिरमाईच्या परसातली तेवढी जिवंत राहिली. तिनं जातगोत न विचारता येईल त्याला पाणी दिलं. धाकटी जाऊ भागू, ती मनातून जळायची. एके दिवशी गिरमाई गाळ काढायला विहिरीत उतरली आणि भागूनं वरून शिळा ओढून घेतली. सकाळी शिळा काढली तर विहीर काठोकाठ भरलेली, आणि गिरमाई कुठंच नाही. तिथंच तिचं देऊळ झालं. गिरमाईला मूलबाळ नव्हतं. भागूला होतं. तिचा वंश तो आमचा, मुळकांचा.

म्हणून गावची रीत अशी की, उत्सवाच्या कीर्तनात बुवा उत्तररंगाला लागले आणि "भागू विहिरीच्या कठड्यापाशी आली" असं म्हणाले की मुळकांच्या घरच्यांनी उठायचं. बाया, बापे, पोरं आणि त्या दिवशी घरी आलेला पाहुणासुद्धा. देवळाच्या मागं विहिरीपाशी जाऊन बसायचं. आत काय चाललंय ते कळायचं नाही. नुसता टाळमृदंगाचा कल्लोळ आणि मधेच माणसांचा मोठा गलका ऐकू यायचा. मग बुवांची हाक यायची, "भागूच्या घरची माणसं, आत या!" आत गेलं की पहिली ओटी आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची भरायची, पहिला प्रसाद आमच्या हातावर पडायचा.

दुसऱ्या कुणाला यात मान वाटला असता. मला मात्र गुदमरल्यासारखं व्हायचं. माझे वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून पंचक्रोशीतल्या प्रत्येक कीर्तनाला घेऊन जायचे. पूर्वरंगात मी त्यांच्या मांडीवर पेंगायची आणि बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला की टक्क जागी व्हायची, कारण आता गोष्ट. "कीर्तनातून अर्ध्यात उठू नये, बाळ. देव बोलत असतो," असं ते म्हणायचे. आणि लग्न होऊन आले ती नेमकी अशा घरात, की ज्यांनी अर्ध्यात उठायचं!

मी काय काय नाही केलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या आज्यानं ऐकलं न्हाई, बापानं ऐकलं न्हाई, मला काय स्वप्न पडणार? भागूचे प्रताप असतील. आपलेच वाभाडे ऐकायची एवढी हौस कशाला?" शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्या पोरांच्या हजेरीकडे वळल्या. जगदाळे पाटलांच्या तानूकाकू माझ्यावर लेकीसारखी माया करायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "वांगी घिऊन जा गं, लई लागल्यात." एका वर्षी मी शेजारच्या सुलभाजवळ टेपरेकॉर्डर देऊन गेले. परत आला तर टेप कोरी. "बटन दाबायचंच ऱ्हायलं बघा!" असं म्हणून ती जी हसली, त्या हसण्यात मला पहिल्यांदा भीती दिसली. पण भीती कसली, ते कळेना.

सुंठवडा झाला. मी डबा बांधला, हात धुतले आणि मनाशी ठरवून टाकलं.

*

मंडप भरलेला होता. चैत्रातलं ऊन कनातीतून झिरपत होतं. आर्वीकरबुवा गादीवर उभे होते. त्यांच्या घराण्यात हे कीर्तन पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. थकलेलं शरीर, पण गळा असा की एकदा वर गेला की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यायला विसरावं. पूर्वरंगात त्यांनी दयेवर असं निरूपण केलं की माझे डोळे दोनदा भरून आले. शेजारी मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या.

"हे हार घालणं बघ," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "संक्रमणाचा विधी."

"मॅडम, तो हार आहे. बुवा दमलेत. ऐकू द्या ना."

उत्तररंग सुरू झाला. दुष्काळ आला, विहिरी आटल्या, गिरमाईच्या दारात घागरींची रांग लागली. गिरमाई दोराला धरून खाली उतरली. बुवांनी झांज थांबवली आणि खालच्या सुरात म्हटलं, "भागू विहिरीच्या कठड्यापाशी आली."

ह्यांनी धोतर झटकलं आणि उठले. दीर उठले, जाऊ पोरांना घेऊन उठली. मॅडम तर उडी मारूनच उठल्या. आत्याबाई काठी टेकत उठल्या. लोकांनी मधून वाट करून दिली. मी मांडी घालून बसूनच राहिले.

"कुंदे," आत्याबाई म्हणाल्या. "ऊठ की गं."

"तुम्ही चला आत्याबाई. मी येत नाही."

ते त्यांना नीट ऐकू आलं नसावं; त्या चार पावलं गेल्यासुद्धा. मग वळून पाहिलं. बुवांनी पदाची ओळ पुन्हा घेतली, पेटीवाल्यानं पुन्हा सूर धरला. सगळ्यांना वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील बाईच्या. ओळ संपली. मी तिथंच.

हे परत आले आणि दात आवळून म्हणाले, "ऊठ. तमाशा नको."

"कीर्तन ऐकत बसणं हा तमाशा कधीपासून झाला?"

"अगं लोक बघायलेत."

"बघू देत. त्यांनी सगळं बघितलंय, सगळं ऐकलंय. आपणच तेवढे बिनकानाचे."

ते माझा हात धरणार होते. पण त्यांनाही तिथं थांबायची मुभा नव्हती. कनातीपाशी दीर बोलवायला लागले, तसे ते रागानं निघून गेले. जाताना आत्याबाईंना दंडाला धरून नेलं. म्हातारी माझ्याकडे बघत बघत बाहेर गेली.

"बाई," बुवा म्हणाले, "कथा पुढं न्यायची आहे."

"न्या ना, बुवा. मी त्याचसाठी बसले आहे."

"तुम्ही असताना नेता येत नाही."

"मग थांबवा."

मंडपात एकदम कालवा झाला. कारण तेही करता येत नव्हतं. गिरमाई विहिरीत असताना कीर्तन थांबवायचं नाही, ही तर त्याहून कडक रीत. मागून एक म्हातारा ओरडला, "माय हिरीत हाय, आन् ही म्हंती थांबवा! मास्तरीण झाली म्हंजी लई झालं व्हय?" कुणीतरी म्हणालं, "बुवा, च्या घ्या तवर." त्यावर चारजण हसले आणि लगेच गप्प झाले. बुवा पुन्हा ओळ गात, पुन्हा थांबत. ते ना पुढं जाऊ शकत होते, ना मागं.

मला त्यांची दया आली. पण राग त्याहून मोठा होता. इतक्या वर्षांचा होता.

मी उभी राहिले. "बुवा, मी भांडायला बसले नाही. मला कीर्तन आवडतं हो. लहानपणापासून आवडतं. भागूनं जे केलं ते वाईटच असणार, मी कानात बोळे घालणार नाही, मान खाली घालून ऐकीन. पण देवाची कथा अमक्यानं ऐकायची आणि तमक्यानं नाही, हे कुठल्या देवानं सांगितलं? तुम्ही गादीवर उभे आहात. गादीवरून सांगा मला. मी लगेच उठून जाते."

बुवांनी झांज गादीवर ठेवली. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते पुढच्या रांगेकडे बघत होते, जिथं गावची मोठी घरं बसतात.

मग तानूकाकू बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सांगा, बुवा. आयकू द्या तिला. आता न्हाई सोसत."

"काकू, चुलत्यांनी बजावलंय—" त्यांचा पुतण्या म्हणाला.

"चुलता जाऊन धा वर्सं झाली. मी अजून हाय न्हवं?"

बुवांनी गायलं नाही. साध्या आवाजात, घरी बसून सांगावं तसं सांगितलं.

"भागू कठड्यापाशी आली ती दोर धरायला. गिरमाईचा दोर तिच्याच हातात असायचा, दुसऱ्या कुणावर गिरमाईचा विश्वास नव्हता. तेवढ्यात गावची कर्ती माणसं आली. म्हणाली, हिचं पाणी असंच वाटलं जाऊ लागलं तर आमच्या गुरांना थेंब उरायचा नाही. आज विहीर बंद करू, उद्या तिला समजावून वर काढू. भागू पाया पडली, आडवी झाली. तिला बाजूला केली आणि शिळा ओढली. दोर शिळेखाली चिरडला. भागूनं आपलं टोक सोडलं नाही. तळहात सोलून निघाले तरी सोडलं नाही. सकाळी विहीर भरली. गिरमाई नव्हती. गावानं विचार केला, हे कुणाच्या माथी? दोर ज्याच्या हातात, त्याच्या."

बुवा थांबले. मला ती शिळा आठवली. विहिरीच्या मागं पडलेली, आम्ही मुळीक दरवर्षी ज्यावर बसतो ती. ह्यांच्यासह घरचे सगळे पुरुष लागले तरी ती इंचभर हलली नसती. मी तिच्यावर बसून प्रबंधाची टिपणं काढली होती. विहीर म्हणजे नेणीव, शिळा म्हणजे दमन. एका बाईला ती ओढता येईल का, हा प्रश्न मला पडला नव्हता, मॅडमनाही पडला नव्हता.

"पुढच्या पिढीला हे सोसेना," बुवा म्हणाले. "खरं सांगितल्याशिवाय उत्सव पुरा व्हायचा नाही, असं माझ्या पूर्वजांनी बजावलं. पण तुमच्या तोंडावर सांगायची गावाची छाती नव्हती. तेव्हा ही वाट निघाली. तुम्ही बाहेर गेलात की मी हे सांगतो, आणि मग सगळ्यांनी उभं राहून एक वाक्य म्हणायचं."

"कुठलं वाक्य?"

कुणी म्हणेना. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सुलभानं पदर तोंडाला लावला होता. मग तानूकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "शिळा आमी वढली, माय."

मग पुतण्या उठला. मग मागचा तो म्हातारा. मग एकेक रांग. "शिळा आम्ही ओढली." बाहेर बसून वर्षानुवर्षं जो गलका ऐकला, तो हा होता.

मला वाटलं होतं, ऐकलं की मन शांत होईल. तसलं काही झालं नाही. छातीत नुसता जाळ झाला. मी आत्याबाईंकडे धावत सुटले.

*

आत्याबाई शिळेवर बसल्या होत्या. बाकीचे पलीकडे झाडाखाली, आणि मॅडम कठड्यावरून वाकून विहिरीच्या पायऱ्यांचे फोटो काढत होत्या.

"आयकलंस?" आत्याबाईंनी विचारलं.

"ऐकलं. आत्याबाई, भागूनं—"

त्यांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. एवढ्याशा हाडाच्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे.

"मला नगं सांगू."

"पण चांगलं आहे! ऐका तरी. आपल्याला कलंक—"

"चांगलं आसंल तर तुझ्यापाशी ठिव. तुझं त्वांड बघूनच कळलं मला, काय आसंल ते." त्यांनी हात काढला. "कुंदे, या हिरीचं पानी मी कधी त्वांडाला लावलं न्हाई. वढ्यावरनं आनलं. उन्हाळ्यात झरा खोदून आनलं. पोटुशी आसताना आनलं, त्या वाटंवर एक लेकरू गेलं माजं. भागूचं फेडतोय म्हनून आनलं. सासूनं तसंच केलं, तिच्या सासूनं तसंच. आता तू म्हनशील, फेडायचं काय न्हवतंच. मंग मी काय केलं गं जलमभर?"

मी त्यांच्या पायापाशी खाली बसले.

"आत्याबाई, त्या लोकांना सगळं ठाऊक होतं. तुम्ही कळशी घेऊन त्यांच्या दारावरून जायचात, तेव्हा ठाऊक होतं."

"आसंल. त्यांचं त्यांच्यापाशी." त्यांनी काठी शोधली. "देव हाय की नगं बघायला? माजी एक घागर चुकायची न्हाई त्याच्या मोजन्यात. तू नगं मोजू."

आतून हाक आली. "भागूच्या घरची माणसं, आत या!" बुवांचा आवाज चिरकत होता, दोनदा म्हणावं लागलं.

आत्याबाईंनी पदर नीट केला आणि आत निघाल्या. लोकांनी वाट केली. नेहमी लोक त्यांच्याकडे हसून बघायचे. त्या दिवशी कुणी वर मान करेना. ओटी भरायला तानूकाकू पुढं झाल्या. त्यांच्या हातातले तांदूळ निम्मे खालीच सांडले. आणि ओटी भरून झाल्यावर, आत्याबाईंपेक्षा वयानं थोर असलेली ती बाई खाली वाकली आणि तिनं आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं बाई, हे काय! ऊठ, ऊठ. मला पाप लावतीस व्हय?" आत्याबाई मागं सरकल्या. मग देवीकडं तोंड करून त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "माय, आमच्या घरानं एवढं केलं, तरी तू आमाला आत घितीस. लई उपकार तुझे."

आमचं घर आणि मॅडम सोडल्या तर मंडपात एकही माणूस असा नव्हता, की ज्याला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. आत्याबाईंनी न बघता माझं मनगट धरलं आणि आरती संपेपर्यंत सोडलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. त्या खुशीत होत्या. पायऱ्यांवर त्यांना सर्पाची आकृती सापडली होती.

"तू बंड केलंस, त्याचा मला आधी राग आला," त्या म्हणाल्या. "पण रात्री विचार केला. छाया प्रकाशात येऊन बसते, हाही एक टप्पाच आहे. त्यावर स्वतंत्र प्रकरण होईल. आता सांग, आत काय सांगितलं? शब्दशः हवं मला. छापून यायला हवं हे सगळं."

छापून येईल. मग गावात येईल. मग कुणीतरी शहाणं पोरगं ते आत्याबाईंना वाचून दाखवील.

बाकावर तानूकाकू बसल्या होत्या. लेकीकडे निघाल्या होत्या. मांडीवर वांग्यांची पिशवी होती आणि नजर रस्त्यावर, पण सगळं लक्ष आमच्याकडे.

"नीट ऐकूच आलं नाही, मॅडम," मी म्हटलं. "पेटी फार मोठ्यानं वाजत होती."

मॅडमनी माझ्याकडे रोखून बघितलं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. "कुंदा, तू तर पुढच्याच रांगेपाशी होतीस."

"हो. पण नाही आलं ऐकू."

एस.टी. आली. मॅडम चढून खिडकीपाशी बसल्या. प्रबंध राहिला तो राहिलाच. एस.टी. धुरळा उडवत वळणावर गेली, आणि तानूकाकू बाकावर थोड्या सरकल्या. माझ्यासाठी शेजारी जागा केली.

मी बसले नाही, पण घरीही निघाले नाही. त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. काकूंची गाडी बराच वेळ येईना. उन्हं वर आली, पाय दुखायला लागले, तेव्हा बसले.